चालायला लागलेल्या बाळाला पहिले बूट कुठले घ्यायचे?

ताई नमस्कार, माझी मुलगी १३ महिन्यांची झालीय. सोफा धरून, भिंत धरून चालत होती आणि आता हात सोडून चार-पाच पावलं टाकायला लागलीय. संध्याकाळी आम्ही तिला आमराईत नेतो, तिथं गेलं की खाली उतरायचा हट्ट आणि मग प्रश्न येतो की पायात काय घालायचं. सासूबाई म्हणतात घोट्याच्या वर येणारे कडक बूट घे, त्यानं पाय सरळ पडतात, आम्ही पोरांना तसलेच घातले होते. नणंदेनं तिच्या मुलाचे जुने दिलेत, दिसायला चांगले आहेत. मिस्टर ऑनलाइन महागातले बघत बसलेत. मारुती रोडला एका दुकानात गेलो तर त्यांनी पीं पीं वाजणारे, लाईट लागणारे दाखवले, पोरगी ते बघून लगेच हसायला लागली, आणि वाढता पाय आहे म्हणून दोन नंबर मोठे घ्या म्हणाले. डोकंच चालेना झालंय. शिवाय पायात चांदीचे वाळे आहेत, ते काढायचे का?
- एक आई, विश्रामबाग, सांगली

अगं, सगळ्यात आधी मनातली घाई काढून टाक. बूट घातल्यानं मूल लवकर चालत नाही आणि नाही घातले म्हणून मागं पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ मध्ये जो अभ्यास छापला, ज्यात आपल्या दिल्लीची मुलंपण होती, त्यात कशाचा आधार न घेता चालायला लागायचं वय साधारण सव्वाआठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत निघालंय, एवढा मोठा फरक आणि ती सगळी मुलं निरोगी. तुझी लेक अगदी वेळेत आहे.

बुटाचं काम एकच, बाहेर खडी, काच, काटा, तापलेला डांबरी रस्ता यापासून तळपाय वाचवायचा. म्हणून घरात बूट नकोत, मोजेपण नकोत, अनवाणीच फिरू दे. लहान मूल उभं असताना त्याची बोटं बघ कधी, सारखी जमीन पकडत असतात, अंगठा दाबतं, करंगळी पसरतं, टाचेवरचं वजन पुढं घेतं आणि परत मागं नेतं. तळव्याला फरशी लागते, गार लागते, खडबडीत लागते आणि त्यावरून तोल कसा धरायचा ते मेंदूला कळत जातं. यात मध्ये जाड सोल आला की ते कळणं कमी होतं, आणि नुसते मोजे घालून फरशीवर सोडलं की पाय सटकतो आणि मूल तोंडावर पडतं.

आता सासूबाईंचं. त्यांना चुकीचं म्हणू नकोस, कारण त्या काळात डॉक्टरसुद्धा असेच बूट सांगायचे, दुकानातही तसलेच मिळायचे. नात पडू नये, पाय वाकडा पडू नये हीच त्यांची काळजी आहे ना. पण घोट्याला सांभाळायचं काम घोट्याभोवतीच्या स्नायूंचं आहे आणि ते स्नायू काम करूनच तयार होतात. कडक उंच बुटानं घोटा बांधून ठेवला तर तो शिकणार कधी. या वयात मुलांचे पाय थोडे धनुष्यासारखे बाहेर वाकलेले दिसतात, साधारण २ वर्षांपर्यंत ते असतं, मग ३-४ वर्षांच्या आसपास उलटे, म्हणजे गुडघे एकमेकांना लागतायत असे दिसतात आणि ७ वर्षांपर्यंत बहुतेकांचे आपोआप सरळ होतात. बूट घाला किंवा नका घालू. त्यांना हे शांतपणे सांग आणि दुकानात जाताना त्यांनाही बरोबर ने, बूट हातात घेऊन वाकवून बघितला की पटतं माणसाला.

एक अपवाद मात्र इथंच लिहून ठेवते, दुसऱ्या कुणी वाचून घोळ करायला नको. ज्या बाळाचा पाय जन्मतः आत वळलेला होता, म्हणजे क्लबफूट, आणि प्लास्टर लावून सरळ केलाय, त्याला डॉक्टरांनी मधे पट्टी असलेले बूट रात्री झोपताना घालायला दिलेले असतात. ते उपचाराचे बूट आहेत, साधारण ४ वर्षांचं होईपर्यंत घालायला लागतात, चालायला लागलं म्हणून बंद करायचे नाहीत, नाहीतर पाय परत आत वळतो. मी इथं सांगतेय ते बाकीच्या मुलांसाठी.

कधी घ्यायचे? माझं मत विचारशील तर अजून दोन-तीन आठवडे थांब. एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत, न धरता, न बसता जायला लागली की बाहेरचे बूट घे. तोवर आमराईत हिरवळीवर आधी तू स्वतः नजर टाक, काच, काटा, मुंग्या नाहीत ना बघ आणि अनवाणी सोड की, गवत पायाला लागलं की मुलं आधी पाय वर उचलतात आणि मग खूश होतात. उन्हाळ्यात दुपारी चार वाजताची फरशी नको, तुझा तळहात तिथं ठेवून बघ, तुला टेकवेना तर तिलाही नको.

बूट कसा असावा हे दुकानात हातानंच कळतं. टाच एका हातात आणि पुढचा भाग दुसऱ्या हातात धरून वाकव. बोटं जिथं चवड्याला जोडलेली असतात तिथं, म्हणजे पुढच्या एक तृतीयांश भागात तो सहज वाकला पाहिजे. तुला जोर लावायला लागला तर एवढ्याशा जिवाला ते जमणारच नाही, मग ती पाय घासत नाहीतर उचलून आपटत चालेल. मधोमध दुमडला जातो तो पण नको. वजनाला हलका बघ. टाचेमागचा भाग चिमटीत धरला तर पार लोळागोळा होऊ नये, टाच धरून ठेवण्याएवढा असावा, पण वरची कड मऊ हवी. पुढं बोटांच्या जागी रुंद पाहिजे, बाळाचं पाऊल बोटांकडं पसरट असतं आणि दुकानातले सुंदर दिसणारे बूट नेमके तिथंच निमुळते. सोल पातळ, सपाट, हील अजिबात नको, आणि खाली थोड्या खाचा असाव्यात म्हणजे घसरणार नाही. बांधायला वेलक्रो चांगला, पायाच्या जाडीप्रमाणे कमी-जास्त करता येतो आणि पूर्ण उघडत असेल तर घालताना बोटं दुमडत नाहीत. आत हात घालून शिवण बघ, टोचतेय का. कापडी किंवा मऊ चामड्याचा घे. रेक्झिनच्या बुटात आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये पाय घामानं पांढरा पडतो.

मापाचं जास्त लिहिते कारण सगळी गडबड इथं होते. बाळाच्या पावलातली बरीचशी हाडं अजून कूर्चाच असतात, म्हणजे मऊ, वाकणारी, वरून चरबीचा थर, त्यामुळं लहान बुटातसुद्धा पाय दाबून बसतो आणि मूल रडत नाही. मोठ्या माणसाला चावतं तसं त्याला कळत नाही, कळलं तरी सांगता येत नाही. म्हणून रडली नाही म्हणजे बसला असं धरू नकोस. घरी भिंतीला कागद लावून जमिनीवर ठेव, तिला टाच भिंतीला टेकवून उभी कर, बसवून नाही, उभं राहिल्यावर पाऊल पसरतं आणि लांब होतं. सगळ्यात लांब बोटापुढं पेन्सिल सरळ उभी धरून खूण कर. लांब बोट अंगठाच असेल असं नाही, काहींचं दुसरं बोट पुढं असतं. दोन्ही पाय मोज आणि मोठा असेल तो धर. संध्याकाळी मोज, तेव्हा पाऊल किंचित फुगलेलं असतं. त्या मापात १० ते १२ मिलिमीटर वाढव आणि तेवढ्या लांबीची पुठ्ठ्याची पट्टी कापून पर्समध्ये ठेव. दुकानात बुटाच्या आत ती पट्टी सरकवून बघायची, दुमडली की बूट लहान, पुढं खूप सरकली की मोठा. ही पट्टी घेऊन गेलीस तर नंबरावरून वाद घालायची गरजच पडत नाही, कारण एका कंपनीचा ४ नंबर दुसऱ्या कंपनीच्या ४ नंबरएवढा असेलच असं नसतं. ऑनलाइन घ्यायचे तर मिस्टरांना सांग, नंबर न बघता आतली लांबी सेंटीमीटरमध्ये दिलीय का ते बघा, आणि परत करता येणारेच मागवा.

अंगठ्यानं वरून दाबून बघायची आपली सगळ्यांची सवय आहे पण बाळं नेमकी तेव्हा बोटं आत वळवून घेतात, मग जागा आहे असं वाटतं आणि घरी येऊन कळतं की नाही. आतली इनसोल निघत असेल तर ती काढून जमिनीवर ठेव, तिला त्यावर उभी कर, पुढं किती जागा उरते आणि बाजूनं पाय बाहेर येतो का हे डोळ्यासमोर दिसतं.

दोन नंबर मोठे घेऊ नकोस. आपल्याकडं चालणाऱ्या ब्रिटिश मापात एक नंबर म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर, दोन नंबर म्हणजे १७. एवढी जास्तीची जागा असलेला बूट पायात राहत नाही, टाच वर-खाली होते, पुढं अडकून मूल पडतं आणि बूट पडू नये म्हणून ते बोटं आवळून चालायला लागतं. या वयात पाऊल महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतं, म्हणजे बरोबर मापाचा बूट तीन-चार महिने चालेल, काही मुलांना त्याच्याही आधी लहान होईल. दर सहा-आठ आठवड्यांनी ती पट्टी परत बघत जा. म्हणूनच मी म्हणते की एवढा महागडा जोड घेण्यात अर्थ नाही, मऊ आणि मापाचा असेल तर साधा कॅनव्हासचाही चालतो, त्यापेक्षा वेळेवर बदलायला पैसे ठेव.

वाजणारे आणि लाईटचे, हे मात्र ठामपणे नको म्हण. आवाज निघावा म्हणून टाचेत पोकळी आणि तुकडा बसवलेला असतो, त्यामुळं टाच जाड होते आणि मूल आवाजासाठी टाचा आपटत चालायला लागतं. तो तुकडा सुटून निघाला तर तोंडात जातो. लाईटच्या बुटात बॅटरी असते आणि ती बटणासारखी छोटी असेल, निघून गिळली गेली तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते, ही फार गंभीर गोष्ट आहे. कुणी भेट दिले तरी घालू नकोस, आणि कधी गिळल्याचा नुसता संशय आला तरी थेट दवाखाना गाठायचा.

नणंदेचे बूट उलटे करून बघ. सोल एका बाजूनं झिजलाय, टाच कलली आहे किंवा आत बोटांचे खड्डे पडलेत तर नको, तो दुसऱ्या पायाच्या चालीनं घडलेला बूट आहे. पण एखाद्या लग्नात दोन तास घातलेला नवाच असेल आणि माप जुळत असेल तर खुशाल घाल.

वाळ्यांचं म्हणशील तर घोट्याच्या खाली संपणारा बूट घेतलास की वाळे राहू देत, उंच बुटात मात्र ते आत दाबले जातात आणि कातडी सोलते. घुंगरू असलेले पैंजण असतील तर ते काढच, एखादं घुंगरू सुटलं की पहिलं तोंडातच जाणार.

पहिल्या दिवशी बूट घातले की ती बदकासारखी पाय उचलेल किंवा जागेवर बसून राहील. घाबरू नकोस, दहा मिनिटं घाल आणि काढ, दुसऱ्या दिवशी परत. काढल्यावर पाय बघायचा. लाल वळ उठला असेल आणि थोड्या वेळात गेला नाही तर बूट कुठंतरी घट्ट आहे.

* * *

मॅडम, माझा नातू २० महिन्यांचा आहे, चालतो, पळतो, पण त्याचे पाय अगदी सपाट आहेत. ओल्या पायानं फरशीवरून गेला तर पूर्ण पावलाचा ठसा उमटतो. ओळखीच्या एकानं सांगितलं की आतापासून कमानीचे बूट घातले नाहीत तर पुढं पोलीस भरतीत अडचण येईल. कराडमध्ये एका ठिकाणी आत उंचवटा असलेले बूट मिळतात, बरेच महाग आहेत पण नातवासाठी घेईन. घ्यावेत का?
- एक आजोबा, कराड, जि. सातारा

आजोबा, नमस्कार. नका घेऊ. या वयात जवळजवळ सगळ्याच मुलांचे पाय सपाट दिसतात, कारण तळव्याच्या आत जिथं कमान असते तिथं चरबीची गादी असते. कमान पुढं हळूहळू तयार होते, ५-६ वर्षांपर्यंत, काहींची त्याच्याही नंतर. घरी एक बघा, नातवाला उंचावरचं खेळणं घ्यायला लावा म्हणजे तो चवड्यावर उभा राहील, तेव्हा तळव्याच्या आतल्या बाजूला खळगा दिसला तर पाय लवचिक आहे, चिंता नाही.

विशेष बुटांनी कमान तयार होते का हे अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तीन वर्षं तपासलं होतं, १९८९ मध्ये ते छापून आलं. विशेष बूट आणि उंचवटे घातलेली मुलं आणि असलं विशेष काहीच न घातलेली मुलं, दोघांचे पाय सारखेच सुधारले. आणि आपल्या जवळचंच सांगायचं तर १९९२ मध्ये मणिपालच्या डॉक्टरांनी ४ ते १३ वर्षांच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले. बूट-चप्पल घालणाऱ्या मुलांमध्ये सपाट पाय ८.६ टक्के निघाले आणि अनवाणी वावरणाऱ्यांमध्ये २.८ टक्के, त्यातही पुढून बंद बूट घालणाऱ्यांत सगळ्यात जास्त. तेव्हा ते पैसे राहू द्या आणि नातवाला अंगणात, मातीत, वाळूत तुमच्या नजरेसमोर अनवाणी खेळू द्या, थोडं चढउतार असलेल्या जागी तर आणखी चांगलं. आणि भरतीची काळजी आत्ता २० महिन्यांच्या पोराच्या डोक्यावर कशाला!

दाखवायला कधी न्यायचं तेही सांगते. पाय ताठ असेल, दुखतो म्हणून चालायचं टाळत असेल, लंगडत असेल, एक पाय आखूड वाटत असेल, कायम चवड्यावरच चालत असेल, किंवा चालत असलेलं मूल अचानक चालायचं थांबलं तर थांबू नका. १८ महिने होऊनही एकटं चालत नसेल तरीही बालरोगतज्ज्ञांना दाखवायचं, बुटाच्या दुकानात नाही.

* * *

ताई, भाचीला पहिल्या वाढदिवसाला इवल्याशा कोल्हापुरी चप्पल आणल्यात. साताऱ्यात मोती चौकात सगळे बघून कौतुक करतात. रोज घातल्या तर चालतील ना?
- मावशी, सातारा

कौतुक होणारच, आणि कोल्हापुरीला २०१९ मध्ये जो जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला त्यात सातारा आणि सांगली जिल्हेही आहेत, म्हणजे ती आपल्या मातीतलीच वस्तू. पण चालायला शिकणाऱ्या पायाला तिचा कडक तळ वाकवता येत नाही, आणि मागं पट्टा नसेल तर चप्पल पायात ठेवायलाच बाळ बोटं आवळत बसतं. फोटोपुरती, सणापुरती, कडेवर असताना घाला. रोजची कोल्हापुरी चार-पाच वर्षांची झाल्यावर. प्लास्टिकच्या मागं न धरणाऱ्या क्लॉगलाही हेच लागू, पाय आत सरकतो आणि पायऱ्यांवर फसतो.

* * *

ताई आमचं द्राक्षबागेचं काम, दिवसभर शेतात असतो, पोरगं १५ महिन्यांचं, आमच्यासंगं असतं. अनवाणी पळतं, बूट घातले की काढून फेकतं. सासरे म्हणतात आम्ही असंच वाढलो. पण काट्याची आणि जंताची भीती वाटते. पावसाळ्यात तर काळी माती चिकटून बूट उचलेना होतो.
- एक वाचक, तासगाव तालुका, जि. सांगली

सासऱ्यांचं निम्मं बरोबर आहे, अनवाणी खेळल्यानं पाय मजबूत होतात, वर मी तेच लिहिलंय. पण बाग आणि अंगण यात फरक करायचा. बागेत औषधाची फवारणी होते, ते जमिनीवरही पडतं आणि मूल तळव्याला लागलेलं हातानं तोंडात नेतं, म्हणून फवारणी झालेल्या बागेत त्याला अनवाणी नाही आणि बूट घालूनही नाही, अजिबात सोडायचं नाही. शेडजवळ एक तुकडा झाडून, खडे-काटे वेचून साफ ठेवा, ताडपत्री किंवा जुनी सतरंजी टाका, तिथं अनवाणी पळू दे.

जंताची भीती खरी आहे. हुकवर्मची अळी विष्ठा मिसळलेल्या ओल्या मातीतून सरळ तळपायाच्या कातडीतून आत शिरते आणि पुढं आतड्यात राहून रक्त पिते, त्यानं मूल फिकट पडतं. जिथं कुणी उघड्यावर शौचाला जातं अशा बांधाकडं त्याला बुटाशिवाय न्यायचंच नाही. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला जंतनाशक दिन असतो, अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी मिळते, १ ते २ वर्षांच्या मुलाला अर्धी गोळी चुरडून पाण्यातून, ती चुकवू नका. आणि १६ ते २४ महिन्यांमधला डीपीटीचा बूस्टर वेळेवर घ्या, गंजका खिळा, काटा लागतो तिथं धनुर्वाताचं संरक्षण त्यातच आहे.

बूट काढून फेकतो तर आधी माप बघा, बहुतेक वेळा लहान झालेला असतो किंवा आत शिवण टोचत असते. पावसाळ्यासाठी गमबूट नकोत, जड आणि ताठ असतात, आत पाणी गेलं की दिवसभर पाय भिजलेला. खोल खाचांच्या सोलमध्ये काळी माती घट्ट बसते, म्हणून कमी खाचांचे, मागून पट्टा असलेले मऊ सँडल घ्या, धुवून लगेच वाळतात. आणि दोन जोड ठेवा, एक ओला असला की दुसरा. ओल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत ठेवायचे, चुलीजवळ ठेवले तर सोल कडक होतो आणि मग तो वाकत नाही.